आकाशगंगा म्हणजे मोठ्ठी सूर्यमालाच का?

प्रश्न : सूर्यमाला चपटी, आकाशगंगा पण चपटी, आणि दोन्हीकडे सगळं मध्याभोवती फिरतंय. मग आकाशगंगा ही एक मोठ्ठी सूर्यमालाच समजायची का? आणि सगळ्या ताऱ्यांचे ग्रह तिच्याच पातळीत फिरतात का?

उत्तर : दिसायला सारखं आहे खरं, पण आतला हिशोब फार वेगळा आहे. सूर्यमालेत ९९.८ टक्के वस्तुमान एकट्या सूर्याकडे, म्हणून जवळचा ग्रह जोरात पळतो आणि लांबचा रमतगमत, पृथ्वी सेकंदाला ३० किमी तर नेपच्यून जेमतेम साडेपाच. आकाशगंगेच्या मध्यात ब्लॅक होल आहे, ४० लाख सूर्यांएवढं, ऐकायला भारी वाटतं, पण इथे नुसते तारेच किमान १०० अब्ज, त्यांच्यापुढे ४० लाख म्हणजे किस झाड की पत्ती! त्यामुळे सूर्याला मुख्य ओढ त्या ब्लॅक होलची नाहीच, आपल्या कक्षेच्या आतले तारे, गॅस, धूळ या सगळ्यांची मिळून ती ओढ आहे. आपण मध्यापासून साधारण २६ हजार प्रकाशवर्षं लांब, वेग सेकंदाला सव्वादोनशे किमीच्या आसपास, तरी एका फेरीला वीस-बावीस कोटी वर्षं लागतात.

आता खरी गंमत. बाहेरच्या कडेचे तारे नेपच्यूनसारखे रेंगाळायला हवेत ना? नाही रेंगाळत. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या खगोलशास्त्रज्ञांनी शेजारच्या देवयानी दीर्घिकेत (अँड्रोमेडा, आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा मोठा समूह) वेग मोजले तर लांब गेलं तरी वेग फारसा पडत नव्हता, म्हणजे न दिसणारं बरंच वस्तुमान तिथे पसरलेलं असणार, त्यालाच आपण डार्क मॅटर म्हणतो. ते नक्की कशाचं बनलंय हे अजून कुणालाच सांगता आलेलं नाही.

पातळीचं म्हणाल तर आपलीच सूर्यमाला आकाशगंगेच्या पातळीशी तब्बल ६० अंशांनी कलंडलेली आहे. आकाशातच बघा की, ग्रह कायम राशिचक्राच्या पट्ट्यात दिसतात आणि आकाशगंगेचा पट्टा त्याला धनू-वृश्चिकापाशी एकदा आणि वृषभ-मिथुनापाशी एकदा छेदून जातो. कारण तारा आणि त्याचे ग्रह ज्या ढगातून बनतात तो ढगच आतून घुसळलेला असतो, त्याचा जो तुकडा कोसळतो तो आपल्या मर्जीने गिरकी घेतो, आकाशगंगा कुठल्या बाजूला फिरतेय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. बाकीच्या ताऱ्यांचंही तेच, कुणाचे ग्रह आडवे तर कुणाचे उभे फिरतात.