मेजर लीग बेसबॉलचा (अमेरिकेतली अव्वल बेसबॉल लीग) संघ आणि एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) संघ, दोन्ही सांभाळणारा कोणी झालाय का?

हो, एकच: ह्यूगो बेझडेक. जन्म 1884, प्राग, वाढला अमेरिकेत. शिकागो विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉलमध्ये फुलबॅक (आक्रमणातली एक जागा) म्हणून खेळला, शिवाय बेसबॉलही. मग ऑरेगन आणि आर्कान्सा विद्यापीठांत फुटबॉल प्रशिक्षक. आर्कान्साच्या संघाला रानडुकराचं नाव पडलं ते 1909 मध्ये त्याने केलेल्या कौतुकामुळे, असं सांगतात. 1917 मध्ये तळाला गेलेला पिट्सबर्ग पायरेट्स हा मेजर लीग बेसबॉल संघ त्याच्या हाती आला. पुढचे दोन्ही हंगाम चौथा क्रमांक. मला हेच त्याचं सर्वांत मोठं काम वाटतं. पेन स्टेट विद्यापीठात 1920 आणि 1921 मध्ये त्याचा फुटबॉल संघ अपराजित राहिला. एनएफएलमध्ये मात्र पार फजिती! क्लीव्हलँड रॅम्सने 1937 मध्ये 11 पैकी 1 सामना जिंकला आणि पुढच्या हंगामात तीन पराभवांनंतर त्याला नारळ मिळाला.