गहिवरणे, गलबलणे, हेलावणे : कथेत कोणता शब्द वापरावा?

प्रश्न असा आहे : ‘वडिलांच्या निधनानंतर त्यांची खोली आवरणाऱ्या सुमनबद्दल मी लिहिले, “बाबांच्या वस्तू पाहून सुमनला गहिवरून आले.” अभिप्राय आला, की सुमन गहिवरते, वाचक गहिवरत नाही. इथे गलबलणे, हेलावणे किंवा भरून येणे चालेल का? यांत फरक काय?’

फरक आहे आणि तो शरीरात कुठे काय होते यावर बराचसा ठरतो. गहिवर हा गळ्याचा शब्द. ‘गहिवरल्या आवाजात’ आपण सहज म्हणतो, कारण गहिवराने आधी आवाज धरतो. शिवाय गहिवर दुःखाचाच असतो असे नाही. मायेचा असतो, भक्तीचा असतो, खूप वर्षांनी झालेल्या भेटीचाही असतो. पोटात कालवते ते बहुधा दुसऱ्याचे हाल पाहून. त्यात कीव आणि काळजी दोन्ही असतात. गलबलणे गलबल्याच्या घरातले : आत एकदम कल्लोळ, कशाने ते धड सांगता येत नाही. हेलावणे मुळात पाण्याचे, आणि पाणी बाहेरच्या धक्क्याने हेलावते. म्हणून ‘श्रोते हेलावले’ शोभते. एकट्या सुमनसाठी बंद खोलीत ‘हेलावली’ लिहिले, की बातमीचा वास येतो. ‘हृदय हेलावणारी घटना’ वाचून वाचून तो शब्द झिजलाही आहे.

व्याकरणातही एक मोलाची गोष्ट आहे. ‘सुमन गहिवरली’ यात सुमन कर्ता. ‘सुमनला गहिवरून आले’ किंवा ‘सुमनला भरून आले’ यात कर्ता सापडतच नाही, क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी. ‘मला मळमळते’सारखाच हा भावकर्तरी प्रयोग. भावना माणूस करत नाही, ती त्याला होते, हे आपली वाक्यरचनाच सांगून टाकते. तेव्हा निवड करायचीच तर ‘भरून आले’ घ्या; चौघांत सर्वांत कमी बडबडा तोच.

पण शब्द बदलून अभिप्राय बदलणार नाही. अकराव्या शतकातल्या मम्मट या काश्मिरी काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात, म्हणजे प्रकरणात, रसदोषांची यादी दिली आहे. तिच्यात पहिलाच दोष ‘शब्दवाच्यता’ : रस (वाचकाला चाखायला मिळणारी भावना), स्थायी भाव (तिच्या मुळाशी टिकून असलेला भाव) किंवा व्यभिचारी भाव (येऊन जाणारी छटा) यांचे थेट नाव घेणे. कारण ‘नाट्यशास्त्र’कार भरताच्या सूत्रानुसार रस निपजतो तो विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून. म्हणजे भावनेला कारण होणाऱ्या व्यक्ती आणि वस्तू, तिच्या बाहेर दिसणाऱ्या खुणा, आणि अधूनमधून येऊन जाणाऱ्या छटा. नाव घेतले, की वाचकाला भावनेची माहिती मिळते, भावना नाही.

तुमच्या वाक्यात ‘वस्तू’ हा शब्द सर्वांत दुबळा आहे. कोणती वस्तू? समजा, आठवडाभराच्या गोळ्यांचा प्लॅस्टिकचा डबा, सोम ते रवि सात खणांचा.

“बुधवारपर्यंतचे खण रिकामे होते. सुमनने गुरुवारचे झाकण उघडले. दोन पांढऱ्या, एक अर्धी पिवळी. तिने झाकण पुन्हा लावले.”

बाबा बुधवारी रात्री गेले, हे मात्र दोन-तीन पाने आधी, दुसऱ्याच कशाच्या ओघात येऊन गेलेले हवे. इथेच सांगितलेत तर वाचकाला जोडायला काही उरत नाही; कुठेच सांगितले नाही तर डबा नुसता डबा राहतो. अर्धी गोळी ठेवा : ती कुणीतरी बसून मोडली होती. एक वस्तू, दोन हालचाली, एवढे पुरे. त्यातच चष्मा, काठी, धोतर आणि आईचा फोटो आणलात तर डबा हरवेल.

इथे बिघडते ते बहुतेक दोन प्रकारे, आणि दोन्ही मम्मटाच्या यादीत आहेत. एक, ‘दीप्तिः पुनः पुनः’, तोच रस पुन्हापुन्हा चेतवणे. डबा कथेत दुसऱ्यांदा आला तर काम करतो, तिसऱ्यांदा आला की वाचक सावध होतो. दुसरा, अवेळी छेद : झाकण लावले न लावले तोच दारावरची बेल वाजवू नका. एक साधे वाक्य, पंख्याचे किंवा खिडकीचे, मध्ये जाऊ द्या.

मग भावनेचे नाव कधीच घ्यायचे नाही? मम्मट स्वतःच सूट देतो : संचारी, म्हणजेच व्यभिचारी, भावाचे नाव घेणे क्वचित दोष ठरत नाही. नुसती खूण दोन अर्थांची असेल तेव्हा. लगबग उत्सुकतेची असते तशी भीतीचीही असते. तिथे नाव घेतलेलेच बरे. सुमनचे झाकण लावणेही निव्वळ आवराआवर वाटू शकेल. तशी शंका असेल तर ‘भरून आले’ त्या क्षणी न लिहिता थोडे पुढे न्या. शेजारच्या काकू विचारतात, “हा डबा देऊन टाकायचा का गं कुणाला?” सुमन ‘हो’ म्हणायला जाते आणि आवाज फुटत नाही. आठ सात्त्विक भावांपैकी, म्हणजे भावनेने शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांपैकी, हा स्वरभंग, म्हणजे तुमचा गहिवरच, आणि तो शब्द लिहावाही लागला नाही.