पोर्तुगीज आंघोळ करायला गोव्यात शिकले, हे खरे आहे का?

हे विधान अर्धेच खरे आहे. मध्ययुगीन युरोपात सार्वजनिक स्नानगृहे पुष्कळ होती. परंतु 16व्या शतकात प्लेग आणि उपदंशाच्या भीतीने ती ओस पडू लागली, कारण गरम पाण्याने त्वचेची छिद्रे उघडून रोग शरीरात शिरतो, असे तेथील वैद्य मानत आणि रोज अंतर्वस्त्र बदलणे हीच स्वच्छता समजली जाई. स्पेनमध्ये तर स्नानाला धर्माचा संशय चिकटला होता: राजा दुसऱ्या फिलिपच्या 1567 च्या फर्मानाने ग्रानादातील मोरिस्कांचे, म्हणजे ख्रिस्ती केल्या गेलेल्या मुसलमानांचे, हमाम बंद केले.

1510 मध्ये गोवा जिंकणारे पोर्तुगीज याच काळातले. येथे मात्र घामट हवेमुळे स्नान ही रोजची गरज होती. चुलीवर तांब्याचे भाण तापत ठेवलेली न्हाणी जुन्या गोमंतकीय घरांत अजूनही दिसते आणि नरकचतुर्दशीला पायाखाली कारीट चिरडून, तेल-उटणे लावून केलेल्या अभ्यंगस्नानाची सर शॉवरला येत नाही, हे माझे पक्षपाती मत. शिवाय ‘शांपू’ हा इंग्रजी शब्दसुद्धा ‘चांपना’ म्हणजे मर्दन करणे या अर्थाच्या हिंदी क्रियापदावरून गेला आहे. भारतातून इंग्लंडला गेलेल्या शेख दीन महंमद यांनी 19व्या शतकाच्या आरंभी ब्रायटनमध्ये तशी मर्दन-स्नाने लोकप्रिय केली.