कुसाफुगू: ना कुश, ना आपले फुगणे

जपानच्या उथळ किनारी पाण्यातल्या 'कुसाफुगू' या विषारी माशाच्या नावात आपले 'कुश' आणि 'फुगणे' हे शब्द दडले आहेत काय, आणि मराठीत त्याला काय म्हणावे, असे एका वाचकाने विचारले आहे. 'कुसा' म्हणजे गवत, आणि 'फुगू' म्हणजे संकट आले की पोटात पाणी (हवा नव्हे, हवा तो पाण्याबाहेर काढल्यावर गिळतो, हे किती वेळा सांगावे?) भरून घेऊन टम्म होणारा मासा.

हे शब्द बौद्ध भिक्षूंबरोबर जपानला गेले, असे ठासून सांगणाऱ्यांनी 'ध्यान' या शब्दाचा प्रवास आठवावा. चीनमधून जाताना त्याचे 'छान' झाले आणि जपानमध्ये 'झेन'. मग 'कुश' तेवढा धुतल्या तांदळासारखा कसा पोहोचला? शिवाय कुश हे एक विशिष्ट, यज्ञकर्मातले गवत आहे, तर 'कुसा' हे कोणत्याही गवताचे, अगदी तणाचेही, अस्सल जपानी नाव आहे. हा निव्वळ योगायोग होय.

'फुगू'चे मात्र तसे नाही, आणि त्यालाही योगायोग म्हणून हात झटकणारे पंडित मला त्या भिक्षुवाद्यांपेक्षा अधिक खटकतात. दहाव्या शतकातल्या जपानी शब्दसंग्रहात हे नाव 'फुकु' असे आढळते आणि शिमोनोसेकी या जपानी शहरात आजही तसेच उच्चारतात. 'ग' मागाहून आला. जपानीत 'फुकु' म्हणजे फुंकणे, 'फुकुरेरु' म्हणजे फुगणे आणि 'फुकुरो' म्हणजे पिशवी. त्यातला 'फ' पूर्वी 'प' होता, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आता आपले फुंकणे, फुगणे, फुत्कार आणि फुप्फुस, तसेच इंग्रजांचा 'पफ' शेजारी ठेवून मोठ्याने उच्चारून पाहावे. प्रत्येक वेळी ओठ मिटतात किंवा आवळतात आणि वारा सुटतो. माझ्या मते येथे कोणी कोणाकडून काही घेतलेले नाही. फुंकर घालणाऱ्या तोंडानेच हे शब्द ठिकठिकाणी स्वतंत्रपणे घडवले आहेत. लिहिताना मात्र जपानी लोक या समुद्री माशासाठी 'नदी' आणि 'डुक्कर' ही दोन चिनी चिन्हे वापरतात, कारण चीनमध्ये या कुळातले काही मासे नद्यांत चढतात.

मराठी नावाचे राहिलेच. या कुळातल्या माशांना आपल्याकडे 'केंड' हा चांगला शब्द असताना 'पफरफिश मासा' असे दुहेरी ओझे वाहण्याचे कारण नाही. याला 'गवती केंड' म्हणावे. तो 'विषारी दंश करतो' असे मात्र लिहू नये. त्याचे टेट्रोडोटॉक्सिन हे विष मुख्यतः यकृत, अंडाशय आणि कातडी यांत असते, शिजवूनही ते नाहीसे होत नाही, आणि ते बाधते खाणाऱ्याला.