सुट्टीच्या दिवशी गोठ्यात: कोकण कपिलेचा पाडा प्रदर्शनासाठी तयार करणं

तुम्ही विचारलंय की परदेशात मांसासाठी पाळलेली गुरं कृषी प्रदर्शनात उतरवणं हा लोकांचा शनिवार-रविवारचा छंद असतो, तसं कोकणात कुणी करतं का आणि त्यात विश्रांती ती कसली. मी करते. नोकरी कुडाळला, घर मालवणच्या बाजूला, आणि गोठ्यात कोकण कपिला जातीची गुरं. त्यातला एक पाडा, म्हणजे नर वासरू, सध्या प्रदर्शनासाठी तयार होतोय.

तिकडचा आणि आपला हिशेब मात्र वेगळा. इंग्लंडात स्मिथफील्डचं प्रदर्शन 1799 साली पहिल्यांदा भरलं. अँगस, हेरफर्ड या जातींची गुरं तिकडे पाठ किती रुंद, पुठ्ठे किती भरलेले यावर जोखतात, कारण शेवटी प्रश्न मांसाचा असतो. अमेरिकेत शाळकरी मुलं वर्षभर जीव लावून गोऱ्हा वाढवतात आणि प्रदर्शनानंतर तो बहुतेक वेळा लिलावात कत्तलीसाठी विकला जातो. महाराष्ट्रात 2015 पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे इथे जातीची लक्षणं, ठेवण, पाय आणि चाल पाहतात, आणि जनावर पुन्हा आपल्याच दाव्याला येतं.

कोकण कपिलेला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली ती 2018 मध्ये. तोवर ही सगळी नुसती ‘गावठी’ गुरं होती. अंगाने आटोपशीर, रंगाने तांबूस, काळी, करडी, पांढरी, कशीही. गाय दिवसाला दोन-अडीच लिटर दूध देते, म्हणून लोक नाक मुरडतात. पण वर्षाला 3,000 मिलिमीटर पावसात, दमट उकाड्यात आणि जांभ्याच्या कातळावर ती बिनतक्रार चरते. आणि आमच्या एवढ्याएवढ्याशा कुणग्यांत, म्हणजे भाताच्या वाफ्यांत, घाटावरची मोठी जोडी वळवताना नांगऱ्याचा जीव जातो, तिथे ही जोडी जागच्या जागी वळते.

आता मुख्य काम. शनिवारी सकाळी शेण काढून झालं, आंबोण (भिजवलेलं खाद्य) दिलं, की पाड्याला म्होरकी (तोंडाभोवतीची दोरी) घालून वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, नेते. सुरुवातीला तो ओढतो. आपण उलट ओढायचं नाही, दावं धरून फक्त उभं राहायचं. त्याने मान सैल सोडली की त्याच क्षणी आपणही दावं सैल सोडायचं. ही देवघेव त्याला एकदा कळली की पुढचं सगळं सोपं. मग नारळाच्या सोडणाने, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीने, अंग घासायचं, मानेपासून मागे, केसांच्या कलाने. कानाच्या मुळाशी, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीच्या घड्यांत आणि शेपटीखाली बोटं फिरवायची, गोचीड तिथेच लपतात. शिंगांना खोबरेल लावून फडक्याने चोळायचं. शिंगं तासून, रंगवून चकचकीत करणं मला मुळीच पटत नाही. जातीची शिंगं आहेत तशीच दिसली पाहिजेत. गेरूचे गोल आणि झेंडूच्या माळा दिवाळीच्या पाडव्याला आहेतच.

अंग सुकेस्तोवर उभं राहण्याचा सराव. चारही पाय सरळ, मान वर. परदेशात पाय मागेपुढे करायला लांब काठी वापरतात, मी खुराजवळ हात लावून ‘पाय’ म्हणते, तेवढ्याने तो पाय सरकवतो. दात तपासू देण्याचीही सवय लागते, कारण अदात (पक्के दात न आलेला), दोन दाती, चार दाती असे गट दातांवरूनच पडतात. संध्याकाळी गोठ्यात रेडिओ मोठ्याने लावून ठेवते, म्हणजे मंडपातल्या कर्ण्याला तो बुजत नाही. सासरे आधी वैतागले होते, आता तेच बातम्या लावतात.

विश्रांती कसली म्हणता? आठवडाभर डोक्यात आकडे आणि फोन असतात. जनावराजवळ घाई चालतच नाही. आपण घाईत असलो की ते त्याला आधी कळतं आणि तो अडून बसतो. दोन तास त्याच्या वेगाने चालावं लागतं, आणि माझ्यासाठी तीच सुट्टी.

कागदांकडे दुर्लक्ष करू नका. कानात 12 अंकी बिल्ला हवा, आणि लाळ्या-खुरकूतची लस किमान तीन आठवडे आधी टोचलेली हवी, लागू पडायला तेवढा वेळ लागतो. 2022 मध्ये लम्पी हा गुरांचा त्वचारोग आला तेव्हा राज्यात गुरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शनं सगळंच बंद करावं लागलं होतं. अंगावर गाठ किंवा ताप दिसला तर पाडा घरीच ठेवा, बक्षीस गेलं तरी चालेल.

एक गोष्ट मात्र मनापासून खुपते. संगमेश्वर, लांज्याकडे पावसाळ्यात चिखलातल्या नांगरणी स्पर्धा होतात, तिथे गावठी आणि घाटी असे वेगळे गट असतात. काही प्रदर्शनांत मात्र सगळी देशी जनावरं एकाच रांगेत उभी करतात. मग खिलारपुढे कपिला बुटकी ठरते, नंबर खिलारचा येतो आणि बघणारा शेतकरी घरी जाऊन आपला गावठी पाडा विकायला काढतो. आमच्याकडे कपिला टिकायची असेल तर तिला तिच्याच मापाने मोजायला हवं.

तुम्हाला सुरू करायचं असेल तर वर्षभराचा अदात पाडा घ्या, मोठा घेतलात तर सवयी मोडण्यातच वेळ जाईल. आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारा की यंदा कोकण कपिलेचा वेगळा गट आहे का. नसेल तर प्रवेश अर्जासोबत तशी लेखी मागणी द्या. आम्ही काही जण दरवर्षी देतो, तुमचा कागद त्यात वाढला तर फार बरं होईल.