पश्चिम बाल्कन देशांना युरोपीय संघात यायला इतका उशीर का होतोय?

सर्बिया, अल्बानिया, उत्तर मॅसेडोनिया अशा या देशांना 2003 मध्ये ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरात संघाने सदस्यत्वाचा शब्द दिला. त्यानंतर पश्चिम बाल्कनमधून आत आला एकटा क्रोएशिया, 2013 मध्ये. मुख्य अडचण एकमताच्या अटीची: एकाही सदस्य देशाने नकार दिला, की वाट बंद. उत्तर मॅसेडोनियाने ग्रीसच्या आक्षेपामुळे 2019 मध्ये देशाचं नाव बदललं, तरी 2020 मध्ये बल्गेरियाने वाट अडवलीच. हा सरळसरळ अन्याय आहे.

व्यापारात आडवी येते ती सीमा, जकात नव्हे. सर्बियाची गोठवलेली रास्पबेरी जकातीविना जाते, पण कागदपत्रं तपासून होईपर्यंत ट्रक रांगेत उभा आणि शीतयंत्राचं डिझेल जळत राहतं. तरुण मंडळी जर्मनी-ऑस्ट्रियाला जातात, तो घाव वेगळाच.

या देशांसाठी संघाची 2024–27 ची 6 अब्ज युरोंची योजना आहे: 2 अब्ज अनुदान, 4 अब्ज स्वस्त कर्ज. ठरलेली सुधारणा झाली नाही, तर तो हप्ता थांबतो.