बॅडमिंटनपटू पी होंगयान मूळची चीनची, मग तिचं जागतिक स्पर्धेतलं पदक फ्रान्सचं कसं? आणि फ्रान्सच्या बॅडमिंटनला तिचा उपयोग काय झाला?

पदक फ्रान्सचंच. त्यात 'पण' नाही नि 'परंतु' नाही.

2009 च्या ऑगस्टमध्ये मी नोकरीसाठी हैदराबादला होते. तिथल्या गच्चीबावलीत बॅडमिंटनची जागतिक स्पर्धा होती, ऑफिस लवकर आटपून जायचे. उपांत्यपूर्व फेरीत सायना वांग लिनकडून हरली आणि माझ्या आसपासच्या खुर्च्या भराभर रिकाम्या झाल्या. मी दुसऱ्या दिवशीही गेले. उरलेल्या चौघींत लू लान, शिए शिंगफांग आणि वांग लिन चीनच्या. चौथी पी होंगयान. जन्म चीनमधल्याच चोंगचिंगचा, वय 30, अंगावर फ्रान्सची जर्सी. ती उपांत्य फेरीत हरली, पण कांस्य मिळालं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "चारही चिनीच की हो!" मला ते फार लागलं.

कारण सांगते. मी अकरावीत असताना बाबांची बदली मराठवाड्यात झाली. जुन्या जिल्ह्याकडून दोन वर्षं खेळले होते, त्यांनी सांगितलं की आता तू आमची नाहीस. नव्या जिल्ह्याच्या निवड चाचणीत तिथल्या पहिल्या नंबरच्या मुलीला मी 11-4, 11-6 हरवलं. तेव्हा मुलींचा गेम अकराचा असायचा. संध्याकाळी हॉलच्या दाराला यादी लागली. वहीचं फाडलेलं पान, निळ्या शाईत चार नावं. त्यांच्याखाली पेन्सिलीनं 'राखीव' आणि माझं नाव, तेही आडनाव चुकवून. बाबा विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "बाहेरची आहे, आमच्या मुलींचं काय?" घरी काका म्हणाले, "पाव्हण्यानं पंक्तीत पहिलं ताट मागू नये." त्या वर्षी मी रॅकेट माळ्यावर टाकली. तिचं गटिंग, म्हणजे जाळी, तिथंच सैल होऊन गेलं.

पाहुणी म्हणे! शाळा तिथली, सराव तिथला, रोज पहाटे साडेपाचला हॉलचं कुलूप उघडायला मीच जायचे.

पीचंही मला असंच वाटतं. चीनच्या संघात एकीला जागा मिळते तेव्हा तिच्याइतक्याच तयारीच्या कितीतरी बाहेर बसतात. ती आधी डेन्मार्कला गेली, मग फ्रान्सला, आणि तिथंच राहून खेळली. 2007 ला ऑल इंग्लंड या मानाच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली, तिथं शिए शिंगफांग आडवी आली. 2008 ला ऑलिंपिक बीजिंगला होतं, म्हणजे जन्मदेशात, आणि ही फ्रान्सकडून उतरली. 2012 ला लंडनलाही खेळली. एवढी वर्षं एका देशासाठी घाम गाळल्यावर अजून कुठला दाखला हवा? मिया ऑडिनानं 1996 ला इंडोनेशियाकडून ऑलिंपिक रौप्य घेतलं आणि 2004 ला नेदरलँड्सकडून. दोन्ही तिचीच, आणि ज्या त्या देशाचीही.

उपयोगाचं म्हणाल, तर आज फ्रान्सचा अलेक्स लानियर 19 व्या वर्षी जपान ओपन जिंकतो (2024), तोमा ज्युनियर आणि क्रिस्तो हे पोपोव्ह भाऊ बड्या स्पर्धा गाजवतात. हे भाऊसुद्धा जन्मानं सोफियाचे, बल्गेरियातले. सगळं श्रेय एकट्या पीला देणार नाही. पण फ्रेंच जर्सीतली खेळाडू चीनच्या पोरींसमोर उपांत्य फेरीत उभी राहू शकते, हे तिथल्या पोरांनी आधी तिच्याकडेच पाहिलं.

एक मात्र खरं, एखाद्या देशानं पैसे ओतून तयार संघच्या संघ उचलला तर ते मलाही पटणार नाही. मी बोलतेय ते तिथं राहून खेळणाऱ्यांबद्दल.

तुमच्या घरात कुणी खेळत असेल आणि जिल्हा बदलायची वेळ आली, तर खुशाल बदला. फक्त जुन्या संघटनेचं ना हरकत पत्र आधी हातात घ्या, आणि निवडीचे निकष चाचणीआधी लेखी मागा. आम्ही मागितले नव्हते.

हैदराबादचं ते तिकीट मी अजून जपून ठेवलंय. मागच्या दिवाळीत काकांपुढे ठेवलं, पीची सगळी हकिगत सांगितली. ते म्हणाले, "ते परदेशातलं वेगळं." वेगळं कसं, हे काही त्यांना सांगता आलं नाही.